अ बरोबर अ

जाहिरात सापडली ती रुबिना तडवीमुळे.
माझी जुनी विद्यार्थिनी, आता जळगावला एम. एस्सी. करतेय.
फोटो पाठवला तिनं, खाली एवढंच:
मॅडम, मुदत एकतीस मे.
आमच्या कॉलेजात तेच पत्रक
बारा दिवसांपासून लागलेलं होतं,
उन्हाळी सुट्ट्यांच्या यादीखाली, एकाच टाचणीला.

गणितातल्या महिला संशोधकांसाठी अनुदान.
वय पंचेचाळीसच्या आत.
मला सतरा जूनला पंचेचाळीस पूर्ण होतात,
म्हणजे अटीत बसते मी,
एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथी बसते तशी,
अर्धी बाहेर.

सावद्यात रात्री अकराला भिंतीही पोळतात.
पाणी संपलं की कूलर नुसता ओरडतो.
रकाना चार, उपकरणे.
निरंक, मी लिहिलं.
मग वाटलं, वाचणारा समजायचा
हिला काही लागतच नाही.
खोडलं. एक संगणक.
दोन पुस्तकं, महिन्याच्या किराण्याच्या भावाची.
भुसावळहून चेन्नई, स्लीपर, जाऊन-येऊन.
खरं हवे होते रोज संध्याकाळचे तीन तास.
त्याला रकाना नाही.
सासूबाईंजवळ बसायला बाई ठेवली तर तिचा पगार
'आकस्मिक'मध्ये धरता येईल का,
विचारायला फोन केला.
पलीकडून आवाज आला, सरांना द्या ना जरा.
कोणत्या सरांना?
अर्ज करणाऱ्या.

रकाना सात, समाजास उपयोग, दोनशे शब्द.
मुरलीधर म्हणाले, केळीचं लिही.
कुठला ट्रक कुठून न्यावा, किती फेऱ्या वाचतील.
तुझे ते ठिपके आणि रेघा, तेच ना?
लिहिलं. वाचायला झकास होतं.
एकशे त्र्याण्णव शब्द, त्यात माझा एकही नाही.
पुसून एकच ओळ ठेवली:
उपयोग आज सांगता येत नाही.
पुसायला बोट दोनदा गेलं तिच्यावर,
दोनदा मागे आलं.

रकाना नऊ, संशोधनातील खंड आणि कारण.
पन्नास अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
दोन हजार नऊ ते सोळा.
त्यात जुळ्या मुली, सासऱ्यांचा अर्धांगवायू,
आणि गच्चीवर घातलेले सात उन्हाळ्यांचे बिबडे,
एकाला दुसरा चिकटू नये असे.
माझ्या प्रबंधात अडलेली ती पायरी
चौथ्या उन्हाळ्यात, तिथंच, उकडत्या चादरीवर सुटली,
हात पिठाचे होते, लिहून ठेवता आली नाही.
लिहिलं: कौटुंबिक.
बेचाळीस अक्षरं उरली.

शेवटी नाव.
पदवीवर ज्योत्स्ना गोविंदा वारके.
पगारपत्रकावर ज्योत्स्ना मुरलीधर नेहेते.
दोन्ही एकच, सिद्ध करा.
वर्गात पहिल्याच तासाला मी सांगते,
अ बरोबर अ, याला सिद्धता लागत नाही.
रावेरच्या तहसीलबाहेर लागते.
पाचशेचा मुद्रांक, दोन साक्षीदार,
आणि टंकलेखकाची नजर,
दोन्ही तुम्हीच का व ताई?
पहिल्या प्रतीत त्यानं वारकेचं वाळके केलं.
तेवढ्यापुरती मी तिसरीच कुणी.
पुन्हा पाचशे.

एकतीस तारखेला, अकरा बावन्नला, अर्ज गेला.
रुबिनाचा निरोप आधीच येऊन पडलेला, भरला का?
भरला. पुढच्या वर्षी तू भर,
आधी नाव एकच ठेव, सगळीकडे.
हे शेवटचं लिहिलं, मग खोडलं,
तिचं तिनं ठरवावं.

झोप उडालेली.
चुकलेल्या प्रतीची झेरॉक्स उलटी केली,
पाठकोरी बाजू, वाळकेबाईंच्या पाठीवर
गोल काढत गेले, एकाला दुसरा न लागता.
सहापर्यंत जमलं. सातवा कुठंही ठेवला तरी
कुणाला तरी खेटत होता.

सासूबाई पाण्याला उठल्या, वाकून बघितलं त्यांनी.
एवढ्या रातीचे बिबडे काढू राह्यली का व?
हो, म्हटलं.
सातवा चिकटतोय.
त्यांनी कागद जरा स्वतःकडे फिरवला,
चष्मा नव्हता.
चादर मोठी घे, म्हणाल्या,
आणि तांब्या घेऊन गेल्या.