झेल

नोंदवहीत चार रकाने : धावणे, उडी, फेक, झेल.
त्सेलिसोच्या नावापुढे तीन बरोबरच्या खुणा,
चौथा रकाना फेब्रुवारीपासून कोरा.

अकरा वर्षांचा, आणि बसतो दुसरीत;
पाच वर्षं मामाच्या मेंढ्यांमागे होता, मोखोटलाँगच्या वर,
जिथे झाडं संपतात.
फेकतो असा, की बघत राहावं :
डावा पाय पुढे, आधी कंबर वळते, मग खांदा, मग मनगट,
सरकारी पुस्तिकेतलं चित्र जणू याच्यावरूनच काढलंय.
खांबावरचा डबा तो अंगावरची घोंगडी न काढता पाडतो.

पण चेंडू त्याच्याकडे आला
की मान फिरते, डोळे मिटतात,
हात तोंडापुढे.
मोज्यात पिशव्या कोंबून मीच शिवलेला चेंडू,
चिमणीलाही लागायचा नाही.
जवळ गेले. घरंगळत दिला. टप्पा देऊन दिला.
नुसती पिशवी सोडली हवेत, सावकाश उतरणारी,
ती मालोतीच्या वाऱ्याने पळवली.
मुलं हसली. तोही.

"का रे मिटतोस डोळे?"
"बाई, आपण मारलेला दगड परत येत नाही.
आला, तर तो दुसऱ्या कुणीतरी मारलेला असतो."

त्या दिवशी मी पुस्तिका मिटली.
दुसऱ्या दिवशी विचारलं, "ऑगस्टच्या बर्फात, रात्री, मेंढी व्याली
तर कोकरू कसं घेतोस?"
सांगितलं नाही त्याने. करून दाखवलं :
गुडघे वाकले, कोपरं अंगाशी,
तळवे उघडे, आणि ओलं काही हातात पडल्यासारखं
सगळं अंग थोडं मागे, थोडं खाली.
डोळे सताड उघडे.
"तसाच राहा," म्हटलं, आणि चेंडू सोडला.

घेतला.
छातीशी धरून उभा. देईचना.
समोर लिनेओ, सहा वर्षांची, ओंजळ पसरून ताटकळलेली.
"आता तिला दे."
पाय पुढे पडला, खांदा मागे गेला,
तिच्याकडे पाहिलं, आणि खांदा तिथेच अडला.
कोल्ह्यावर भिरकावणं येतं त्याला;
हिच्याकडे टाकणं कुठल्या कुरणात शिकला असता?
मग खालून, दोन्ही हातांनी, लोटल्यासारखा सोडला.
अर्ध्यावरच पडला, मातीत.
लिनेओ चालत गेली आणि उचलून घेतला.

घंटा झाली, म्हणजे टांगलेला नांगराचा फाळ वाजला.
वहीत झेलपुढे खूण केली.
मग फेकीपुढची जुनी खूण खोडून
तिथे पेन्सिलीने लिहिलं : शिकतो आहे.