वापराची नोंद

पॅनल आला तेव्हा भिंतीला चार भोकं पडली
आणि फळ्याची डावी बाजू कायमची झाकली गेली.
बेलापूरहून आलेल्या पोरानं
दीड तासात सगळं शिकवलं,
पासवर्ड खडूनं दाराच्या आतल्या बाजूला लिहिला
आणि म्हणाला, मॅडम, आता तुम्हाला बोलायलाच नको.

खरंच नको झालं.
जुलैभर पाचवी ब-ला भागाकार
एका गोड आवाजाच्या बाईनं शिकवला.
सफरचंदं उड्या मारत टोपल्यांत जायची,
बरोबर उत्तराला फुगे फुटायचे,
पोरं टाळ्या वाजवायची,
मी मागच्या बाकावर बसून हजेरीपट जुळवायची.
चाचणीत छत्तीसपैकी अकरा पास.
सफरचंदं मात्र सगळ्यांना आठवत होती.

मग एका मंगळवारी नेट गेलं.
तुर्भे स्टोअरला रस्ता खणला की जातंच ते,
कंत्राटदार बदलतात, खड्डा तोच.
गोड बाई तोंड अर्धं उघडं ठेवून थांबली,
तिच्या कपाळावर एक चक्र गोल गोल फिरत राहिलं.

मी पाण्याच्या दोन बाटल्या उभ्या केल्या,
त्यांच्यावर आडवी पट्टी,
पट्टीवर माझा फोन, कॅमेरा खाली,
वायर पॅनलला.
खाली ठेवायला काहीतरी हवं
म्हणून समोरच्याची वही ओढली.
प्रज्वल ढेबेची.
जूनपासून या मुलानं
‘हजर’ सोडून शब्द उच्चारला नव्हता.

त्याचं अक्षर भिंतभर झालं.
खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, बोटाचा काळा ठसा,
सहाशे अठराला सहानं भागलेलं.
उत्तर तेरा.

मी ‘चूक’ म्हणणार होते.
तेवीस वर्षांची सवय, शब्द जिभेवर तयारच असतो.
पण माणसाएवढा मोठा तो तेरा बघून
मीच गप्प झाले.
तेवढ्यात सानिका उंबरकर उठली,
तिचे वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी.
‘बाई, सहाशे अठरा गोणी अन् सहा ट्रक,
एका ट्रकात तेराच?
बाकीच्या काय उंदरानं नेल्या?’

वर्ग हसला. ढेबे नाही हसला.
तो उठून आला, फोनखाली हात घातला,
भिंतीवर एक अवाढव्य हात आला,
नखात माती, मनगटाला काळा दोरा,
आणि पेन्सिलीचं टोक
सहावरून एकावर सरकलं.
‘एकाला भाग जात नाही,
म्हणून मी पुढं गेलो,’ तो म्हणाला.
थांबला.
‘जात नाही, त्याला पण जागा ठेवायची असते का, बाई?’

मी उत्तर दिलं नाही.
चित्र गोठवायचं बटण दाबलं,
जे प्रशिक्षणात शेवटच्या पाच मिनिटांत,
चहा आल्यावर, सांगितलं होतं.
चित्र भिंतीवर राहिलं, वही त्याच्या हातात परत.
पस्तीस जण ओठ हलवत बघत होते,
कुणी बोटं मोडत, कुणी गोणी रचत.
ढेबेनं एक आणि तीनच्या मध्ये,
जिथं जागाच नव्हती तिथं,
चेंगरून एक शून्य बसवलं,
लिंबाच्या बीएवढं.

मी बटण सोडलं.
भिंतीवर ते परातीएवढं झालं.

मग पॅनल बंद केला.
फडकं टाकलं त्याच्यावर,
आणि म्हटलं, वह्या काढा, आता आपापल्या गोणी मोजा.

महिनाअखेरीला तक्ता भरायचा असतो :
साधनाचा वापर, तासांत.
शेजारच्या तुकड्या रोज चार, रोज पाच भरतात.
मी त्या दिवसापुढं लिहिलं, एकवीस मिनिटं.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
क्लार्क म्हणाले, रिकामा नका ठेवू,
पोर्टल घेत नाही,
काही नसेल तर शून्य टाका.

टाकलं.
जरा मोठं.