खालचा सा

बुधवारी आणि शनिवारी, शाळा सुटल्यावर,
प्रयोगशाळेत आमचं गाणं असतं.
संगीताच्या खोलीत आता संगणक आहेत,
म्हणून पेटी ठेवते बेसिनशेजारच्या ओट्यावर.
समोर बरणीतला बेडूक,
आणि स्टुलांवर सातवी-आठवीचे बारा मुलगे.

खरं सांगायचं तर गाण्यासाठी आलेले तिघेच.
ओवेस काझीला गणिताचा जादा तास चुकवायचा असतो,
देवदत्त कुबलला आईने पाठवलंय,
तो घड्याळाकडे बघून ताल धरतो.
बाकीचे वडापावसाठी.
मीच आणते, शिवडी नाक्यावरून.
त्याचं बिल शाळेच्या कुठल्याच खात्यात बसत नाही.

भावेश तांडेलही वडापावसाठीच आला होता, सहावीत.
सहज तोंड उघडलं
आणि काळी पाचचा वरचा सा असा लागला
की भाता मारायचं मला सुचेना.
दोन वर्षं त्या आवाजावर मी निर्धास्त होते,
पर्समधल्या किल्लीवर असावं तशी.

दादरची स्पर्धा पंधरा दिवसांवर,
आणि अंतऱ्याच्या टोकाला, नेहमीच्या जागी,
त्याचा आवाज फुटला.

आपल्याकडे किती काय काय फुटतं.
कप फुटतो, पेपर फुटतो,
फांदीला पालवी फुटते, पोपटाला कंठ,
ओठावर मिसरूड फुटतं.
हे त्याला त्याच क्षणी सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, "पुन्हा घे."
त्याने घेतला. पुन्हा फुटला.
अकरा जण हसले. तोही हसला, सगळ्यात मोठ्याने,
आणि वडापाव न घेता गेला.

शनिवारी तो खाली मैदानात.
घाडीसरांनी उंची बघून नाव लिहून घेतलं म्हणे.
मी खिडकीत. माझ्यामागे अकरा जण
नुसता दंगा करत होते, करू दिला.
रेषेला पाय लावून भावेश चढाईवर गेला
कबड्डी कबड्डी कबड्डी
एका दमात, कुठेही न तुटता,
सगळं एकाच सुरावर.
तेवीसपर्यंत मोजलं आणि पेटीकडे धावले,
पट्ट्या चाचपल्या.
तीच काळी पाच. खालच्या सप्तकातली.
मी वरच्या मजल्यावर कडी वाजवत बसले होते,
आणि पोरगा बिऱ्हाड घेऊन
तळमजल्यावर उतरला होता.

ओवेसच्या हाती दोन वडापाव धाडले,
सुकी चटणी जास्त. निरोप नाही.

बुधवारी आला. गुडघा सोललेला, त्यावर लाल माती.
म्हटलं, "शब्द नाहीत तुला. एकच सूर धरायचा,
गाणं संपेपर्यंत. दम चोरून घ्यायचा, कुणाला कळता कामा नये."
"म्हणजे चढाईच," तो म्हणाला,
त्याच नव्या, जिन्याखालच्या आवाजात,
आणि या वेळी कुणी हसलं नाही.
देवदत्त तेवढा हसला. तो कशालाही हसतो.

दादरला आम्ही पाचवे आलो.
गुणपत्रिकेच्या तळाशी परीक्षकांचा शेरा होता:
तानपुरा वापरल्याबद्दल पाच गुण वजा.

मी तक्रार केली नाही.
तो कागद बेडकाच्या बरणीला टेकवून ठेवलाय.