पाचव्या भागातली साडेतीन मिनिटं

गुरुवारी नऊनंतर तबस्सुम मुकादम
झेरॉक्सच्या दुकानाचं शटर कमरेपर्यंत ओढते
आणि आम्ही वाकून आत शिरतो,
चरईतले, कोपरीतले, एक जण थेट कासारवडवलीहून.
पाच डोकी, एक लॅपटॉप.
नणंद म्हणते, बरं झालं ठाण्यातच राहता,
भरती करायचं झालं तर रिक्षाने भागेल.

'आवक-जावक'चे तेरा भाग.
एकदाच दाखवले, रात्री साडेदहाला,
त्यातला नववा वीज गेल्यामुळे अर्ध्या ठाण्याने पाहिलाच नाही.
उरल्यात त्या विल्सनच्या मामाने भरून ठेवलेल्या कॅसेटी,
ज्यांच्यात मधेच कुणाच्या तरी बारशाची पाच मिनिटं येतात.
तीही आम्ही मालिकेतच धरतो.

कथा सांगता येत नाही. एक तहसील कचेरी.
तिथल्या कारकुनाला रोज एक पाकीट येतं,
आत त्याच्याच अक्षरात उद्याचा रजेचा अर्ज.
बोळात एकतीस ट्यूबलाइट, सतरावी लुकलुकते.
चौथ्या भागात एक बकरी येते,
आवकच्या रजिस्टरावर नाक टेकवते
आणि जाते.

विल्सन परेरा म्हणतो, लुकलुक मोजा:
तीन, एक, तीन.
ओवळेकरांच्या पहिल्या चित्रपटात
विहिरीत पडणारे दगडही तीन, एक, तीन.
त्याने वही केलीय, आखून, बँकेच्या वेळेत.
तबस्सुमच्या मते बकरी म्हणजे जनता.
केदार गुप्ते म्हणतो, जनता कसली, बकरी म्हणजे बकरी,
आणि मग 'उसनी बोटं'च्या शेवटावर पाऊण तास बोलतो,
ज्यात बकरी नाहीच.

निरुपमा टिपणीस फारसं बोलत नाही.
फक्त पाचव्या भागात ती रिकामी कचेरी आली,
साडेतीन मिनिटं नुसती
खुर्ची, पंखा, अर्धं उघडं दार,
की ओढणीचं टोक दातात धरते.
कुणाची तरी वाट बघतायत, म्हणते. बास.
आम्ही तिला कधी खोडलं नाही.
तिच्या घरचं आम्हाला ठाऊक आहे.

मागच्या गुरुवारी शटरखालून दोन पाय आले.
बाळकुमचे दिनानाथ भोईर, वय अठ्ठ्याहत्तर,
हयातीच्या दाखल्याच्या दोन प्रती हव्यात, आत्ताच.
मशीन तापेपर्यंत पडद्याकडे बघत राहिले.
ही वागळे इस्टेटची शेड, म्हणाले,
बंद पडलेली बिस्किटांची कंपनी.
लाइट माझे.

विल्सनने वही मिटली नाही, पण पेन खाली ठेवलं.
तीन, एक, तीन?
स्टार्टर गेलेला, भोईर म्हणाले.
नवा आणायला कोण जाणार रात्री दोनला?

मोठा दिवा लावल्यावर
खोली एकदम लहान वाटते, तसं झालं.
तबस्सुमनेच विचारलं,
मग दुसऱ्या दिवशी का नाही बदललात?
नेला होता की.
साहेबांनी घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

आणि बकरी?

भोईर स्टुलावर बसले.
ती आमची नव्हती.
साहेबांनी विचारलं, कुणाची? कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, चालू ठेवा.
दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी थांबलो सगळे.
दार अर्धं उघडं ठेवलं,
टेबलामागे मेथीची जुडी.
रीळ चाललंय, कुणी खोकत नाही, साहेब उकिडवे बसलेले.
नाही आली.

निरुपमाने दातातलं टोक सोडलं.
हसली की काय ते कळेना,
खांदे तेवढे हलत होते.
मी काय म्हणत होते, म्हणाली,
इतकी वर्षं मी काय म्हणत होते?

तबस्सुमने पैसे घेतले नाहीत.
जिवंत असल्याच्या दोन्ही प्रती
गुंडाळून काखेत धरल्या भोईरांनी,
शटरपर्यंत गेले, वाकले, परत सरळ झाले.
तेवढं पुन्हा लावता का? ते रिकामं.

विल्सनने मागे नेलं.
खुर्ची. पंखा. दार.
सहा जण, कुणी खोकत नाही.
मला पहिल्यांदाच टेबलाच्या पायाशी
काहीतरी काळपट दिसलं.
मेथी असावी.
किंवा कॅसेटवरचा डाग.