ताऱ्याची सिरीज

एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात, नाशिकरोडला,
माझं काम एवढंच होतं : चूक शोधणं.
शाई फुटली, आकडा सरकला, धागा हुकला
की ती नोट कापणीच्या मशीनात
आणि शेवटच्या वर्षांत तिच्या जागी
नंबरात तारा असलेली दुसरी.
किंमत तीच. वचनही तेच.

म्हणून लोक विचारतात,
ओरिजिनल एकही नाही का तुमच्याकडे?
तेव्हा मला राग येत नाही.
सत्तावन्न सालची पहिल्या छपाईची एक तबकडी घ्यायची
तर जेल रोडचा फ्लॅट विकावा लागेल,
आणि मग ती वाजवायची कुठं?

माझ्याकडे आहेत त्या सगळ्या पुन्हा काढलेल्या.
जपानच्या, कमरेला कागदी पट्टा बांधलेल्या.
पट्ट्यावरचं अक्षर वाचता येत नाही,
तरी पट्टा फाटू देत नाही मी.
जर्मनीच्या, परातीसारख्या जड.
आणि निवडक गाण्यांचे संच,
भाग एक, दोन, चार.
तीन मिळत नाही.
बावीस वर्षं झाली, तीन मिळत नाही.
फळीवर त्याची जागा सोडून ठेवली आहे,
इंदू तिथं विजेची बिलं खोचते.

त्या कंपनीचे नंबर मला पाठ आहेत,
लोकांना पाढे असतात तसे.
लेबलावरचा पत्ता बघून साल सांगतो.
गाणं संपल्यावर जो गुळगुळीत काठ उरतो
त्यावर कारखान्याची नखाएवढी खूण असते,
ती भिंगातून बघतो. भिंग ऑफिसचंच, रिटायर होताना आणलेलं.
आमच्या नोटेवरही अशा खुणा असायच्या.
त्या नाही सांगणार. सही केलेली आहे.

हे सगळं भद्रकालीत सुरू झालं.
लग्नाच्या बँडमधले शब्बीरमामू,
वरातीत सॅक्सोफोन,
एरवी स्टोव्हच्या दुकानात पिना आणि वायसर.
देवळाली कॅम्प सोडून जाताना कुण्या पारशीणबाईनं
त्यांना एक कॅसेट दिली होती,
वर पेन्सिलीनं लिहिलेली नावं, घामानं पुसट.
मामूंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं,
हातावरचं रॉकेल पुसलं, म्हणाले,
"सुन. ये आदमी सांस कहाँ लेता है, बता."
मला सांगता आलं नाही.
मामूही हसले, म्हणाले, मलाही नाही.

मामू गेले त्या वर्षी बुधवारच्या बाजारात,
गोदेच्या काठी, कुलपं आणि मिक्सरची भांडी मांडलेल्या पोत्यावर
मला पहिली तबकडी मिळाली. साठ रुपये.
प्लेअर नव्हता.
दीड वर्ष नुसतं कव्हर बघत होतो.

आता इंदू म्हणते, एकच गाणं चार वेळा कशाला घेतलंत?
तिला म्हणतो, एक मोनो, एक स्टिरिओ,
एकात तंबोऱ्याएवढं ते मोठं व्हायोलिन जास्त पुढं आहे.
ती म्हणते, आणि चौथं?

चौथ्यात शेवटी
त्या वेळी नापास केलेला तुकडा जोडलाय.
पन्नास वर्षं डब्यात पडून होता.
वाजवणारा नीट चाललेला असतो,
मग एका वळणावर दम पुरत नाही,
सूर घसरतो, कुणीतरी खोकतं,
काचेपलीकडून कुणी काहीतरी बोलतं,
आणि तो हसतो.

आमच्याकडे ही नोट
दुपारच्या चहाआधी कापली गेली असती.
मीच कापायला पाठवली असती,
बंडलावर लाल पट्टी मारून.
किती पाठवल्या असतील, हिशेब आहे,
रजिस्टरात आहे, माझ्याच अक्षरात.

रात्री दाराला कडी लावून
मी सुई उचलतो
आणि परत तिथंच ठेवतो,
वळणाच्या जरा अलीकडं.
दम. घसरण. खोकला. हसू.
परत.
इंदू आतून विचारते, अडकली का हो?
नाही, म्हणतो.
अडकलेली नाही.