तिसरा खांब

मापुत्सोच्या कापड कारखान्यामागून जाते ती पायवाट.
नगरपालिकेने तिथे तीन खांब मंजूर केले,
पुलेंगचं तसं झाल्यावर अकरा महिन्यांनी.
अर्जावर लिहिलं होतं : कारण – अंधार.
खाली सही, शिक्का.
शिडी माझी. वायरही मीच ओढायची.

पहिला खांब सकाळीच उभा केला.
बघे जमले, खांद्यावर ब्लँकेटं टाचून.
थाकाने म्हणाला, "बरं झालं बाई, आता काही व्हायचं नाही."
त्याचा दारूचा गुत्ता तिथून पंचवीस पावलांवर.
त्याच्या उधारीच्या वहीत
त्या रात्रीच्या बाटल्या अजून मांडलेल्या आहेत,
पुढे चौघांची नावं.
हिशेब चोख ठेवतो माणूस.
कोर्टाने ती वही कधी मागितली नाही.
कोर्टच भरलं नाही.

"पण पोरीने रात्रपाळी घ्यावीच कशाला?"
म्हातारी मालेराटो मला नाही, खांबाला विचारत होती.
दिवसपाळी हवी तर सुपरवायझरच्या खोलीत
एकटीने जाऊन मागावी लागते,
आणि दार तो लावून घेतो.
हे म्हातारीला माहीत होतं.
तिची सूनही रात्रपाळीलाच आहे.

दुसऱ्या खांबावरून गाव जरा जास्तच दिसतं.
नळावर पोरांचा खेळ चाललेला :
पाण्याला आलेल्या मुलीच्या वाटेत उभं राहायचं,
ती डावीकडे गेली की डावीकडे,
उजवीकडे गेली की उजवीकडे,
बादली हिंदकळेपर्यंत.
सात-आठ वर्षांची पोरं.
आया ओट्यावर बसून, "मेला भारी खोडकर," म्हणतात
आणि त्यांचा आवाज किती मऊ होतो.

त्यापलीकडे पुलेंगच्या बापाचा गोठा.
मोरेनाने निवाडा दिला तेव्हा
चार घरांनी मिळून सहा गुरं दिली.
झाकली मूठ आपल्याकडे
सव्वा लाखाची नसते, सहा गुरांची असते.
एक गाय आता गाभण आहे म्हणे.
पुलेंग नदीपलीकडे गेली, चेरीच्या बागांत मजुरीला.
जाताना कुणी तिला विचारलं नाही
परत कधी येशील.

तिसरा खांब नकाशात
माझ्या भावाच्या अंगणाला लागून होता.
वर चढले. खिडकीतून त्याचा बल्ब दिसला,
भर दुपारी चालू.
त्याच्या लग्नात मीच लावून दिलेला.
त्या घरात अंधार कधीच नव्हता.
त्या लख्ख उजेडातच वहिनीच्या मानेवर
बोटांएवढे डाग उमटतात,
आणि ती थंडी नसली तरी ब्लँकेट गळ्यापर्यंत घेते.
मागे जेवताना तो म्हणाला होता,
"लग्नाची बायको. तिला काय विचारायचं असतं?"
सगळे हसले.
मीही. थोडंसं.
बाकीच्यांच्या आधी थांबले, एवढंच.

पक्कड हातातून निसटली, खाली दगडावर वाजली.
आवाजाने वहिनी बाहेर आली, वर पाहिलं,
पक्कड उचलून पदराला पुसावी तशी
ब्लँकेटच्या टोकाला पुसली
आणि माझी वाट बघत उभी राहिली.
मी उतरायला बराच वेळ लावला.

साडेसातला कळ दाबली.
तीन गोल पडले वाटेवर, दुधासारखे.
पाळी सुटली. मुली आल्या,
चपला हातात, अनवाणी,
पळावं लागलं तर पाय मोकळे असावेत म्हणून.
पहिल्या गोलात आल्या. दुसऱ्या.
चपला कुणीच पायात घातल्या नाहीत.
उलट एकमेकींना स्वच्छ दिसल्या
आणि थोड्या लाजल्या.

फॉर्म भरायचा होता.
काम पूर्ण : होय / नाही.
मी 'होय'वर खूण केली. मजुरी घ्यायची होती.
मग शिडी तशीच खांद्यावर घेऊन
भावाच्या दाराशी गेले.
काय बोलायचं ठरलं नव्हतं.
आधी त्याच्याशी नाही,
तिच्याशी बोलायचं, एवढं ठरलं होतं.
दार तिनेच उघडलं.
आत बल्ब चालूच होता.