तिरकं भोक

उद्यमबागेत तिसऱ्या पाळीला
भरमू आप्पा क्रँकशाफ्ट रॉकेलात बुडवून काढायचा.
ब्रश फिरायचा, हवा मारायची, वरून सगळं लख्ख.
पण आत, जिथं दोन भोकं तिरकी भेटतात,
तिथं नखाएवढी बर राहायचीच.
तेवढी पुरते इंजिन खायला.

तो भोकाला ओठ लावून फुंकायचा.
सूर फाटला की म्हणायचा, "हाय अजून."
घरी भाकरीलाही रॉकेलचा वास.
आई ताट सरकवायची, बोलायची नाही.

मग एकदा माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा
एक स्पोक गायब झाला.
त्यानं टोक तापवून वाकवलं,
ग्राइंडरवर धार काढली,
मूठ पेरूच्या फांदीची, खुरप्याला असते तशी.
आत घालायची, अर्धा वळसा, आणि ओढायची.
बर बाहेर, सुक्या मासळीच्या काट्यागत.

कन्नडवाले तिला कड्डी म्हणाले, आम्ही आकडी.
साहेबानं चित्र काढून पुण्याला नेलं.
परत आली तेव्हा मूठ पिवळ्या प्लॅस्टिकची,
किंमत एकशेचाळीस.
आप्पानं उजेडात धरून पाहिली.
"वाक जरा कमी पडलाय," एवढंच.
चाक माझं अजून लचकतंच चालतं.

आता तपासणीला मी बसते.
कॅमेऱ्याची नळी भोकात उतरते,
पडद्यावर विहिरीसारखी गोल, कोरडी भिंत.
हिरवा ठिपका मारते, पुढचा घेते.
आसपास कुणी नसलं तर
एखाद्याला ओठ लावून बघते.
जिभेवर रॉकेल नसतं,
कसलंतरी लिंबाच्या वासाचं पाणी.